साडूचं कोर्ट आणि आमचं खळं

माझ्या साडूने बंगल्यामागे बॅडमिंटन कोर्ट बांधलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. (या लेखातली ही पहिली आणि शेवटची थाप.)

प्रशांत राहतो बोरिवलीत, आम्ही मुलुंडला. मधे अख्खं नॅशनल पार्क आहे, बिबट्यांसकट! पण माझा जळफळाट ते एका उडीत पार करायचा. हिरवंगार कोर्ट, पांढऱ्याशुभ्र रेषा, चार कोपऱ्यांत दिवे. आणि वर साहेबांचा नम्रपणा: "काही नाही रे, छोटंसंच आहे." त्या छोट्याशात आमचं घर गॅलरीसकट मावलं असतं.

तेही मी गिळलं असतं. पण आमची रेवा, कॉलेजात जाणारी एकुलती एक लेक, दर रविवारी सकाळी रॅकेट पाठीला लावून मावशीकडे पळायला लागली. रविवारची सकाळ आम्हा बापलेकीची होती. मी चहा करायचो, ती समोर बसून माझ्या टकलाची चेष्टा करायची. आता चहा एकट्याने प्यायचा आणि टकलाची कुणाला पर्वा नाही! संध्याकाळी ती परतली की ठरलेलं वाक्य, "बाबा, काकाचं कोर्ट कसलं भारी आहे यार!"

एका रविवारी माझा तोल गेला. "आपण पण बांधू! इथेच!"

"कुठे? तुझ्या डोक्यावर? तिथे मोकळी जागा आहे म्हणा," माझी बायको स्मिता म्हणाली.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर मातीची एक पट्टी आहे, तिला आम्ही परसदार म्हणतो. कोर्ट बसवणारा माणूस बोलावला. तो पट्टीच्या मधोमध उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "चला, जागा दाखवा."

तो गेल्यावर वडील पुढे सरसावले. अप्पांचा जन्म मालवणकडचा. मुंबईत आयुष्य गेलं, पण जीभ अजून गावातच आहे.

"त्येका कित्याक बोलावलंस? खळा करूक असो कितीसो येळ लागता?"

कोकणात घरापुढचं अंगण म्हणजे खळं. माती चोपायची, शेणाने सारवायची, झालं! अप्पांनी आठवडाभर माती चोपली. मी तबेल्यातून बादल्या वाहिल्या. वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडले, "क्या बना रहे हो, भाई?" मी ताठ मानेने म्हणालो, "स्पोर्ट्स कोर्ट!" त्यांनी खिडकी लावून घेतली, ती महिनाभर उघडली नाही.

जाळ्याचं एक टोक पेरूच्या झाडाला बांधलं, दुसरं बेडरूमच्या ग्रिलला. रेषा स्मिताने रांगोळीने मारल्या. हात शिवशिवले म्हणून तिने दोन्ही कोपऱ्यांत कमळंही काढली.

"बाबा, कमळावर पडलं तर इन की आउट?" रेवाने विचारलं. पण हसली! "चल, पुढच्या रविवारी मी इथेच खेळते. काका-मावशीलाही बोलाव ना."

बोलावणारच होतो. प्रशांतने बघावं, त्याच्या पोटात दुखावं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

रविवारी मी बटाटेवडे आणायला बाहेर पडलो. परत येतो तर पाहुणे दारात. वडे स्मिताच्या हातात दिले, रॅकेट उचलली आणि थेट कोर्टात उतरलो. प्रशांत पांढरेशुभ्र बूट घालून पलीकडे उभा होता. पाचवाच शॉट असेल. शटल वर गेलं, मी उडी मारली, असा स्मॅश मारला की काय सांगू! मग पाय जमिनीला टेकले. म्हणजे टेकलेच नाहीत. मी जो घसरलो तो जाळ्याखालून, जाळं घेऊन, पेरूची एक फांदी मोडून साडूच्या बुटांपाशी येऊन थांबलो.

"इन!" रेवा ओरडली.

नखशिखांत शेण. ओलं, ताजं!

"अप्पा! आज सारवलंत?"

"मग? पावणे येवचे आणि खळा सारवल्याशिवाय? लोक काय म्हणतले? आणि खळ्यात बूट घालून कोण जाता रे!"

प्रशांत हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण त्या सज्जनाने मला उठवलं, स्वतःचे बूट काढले आणि पाइपने मला धुतलं. असल्या माणसाचा राग तरी कसा करायचा? तरीही मी केला.

तेवढ्यात माझी मेव्हणी मेघना दारात येऊन थबकली. "अय्या! सारवलेलं अंगण! भावजी, मी इथे पापड वाळत घालू? आमच्या कोर्टावर घातले तर हिरवा रंग लागतो हो."

पुढच्या रविवारी ती पापड घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी कुरडया. प्रशांत पेरूखाली अनवाणी पसरला, अप्पांच्या गजाली ऐकत घावणे खाऊ लागला. तिसऱ्या रविवारी तो डोळे मिटून म्हणाला, "खरं सांगू? तुझ्यावर जळतो यार मी. हे सुख नाही आमच्याकडे."

जिंकलो! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे ऐकायला लेक हवी होती, म्हणून मी घरात हाक मारली, "रेवा! बाहेर ये, काका काय म्हणतोय बघ!"

"ती कुठे आहे घरात?" स्मिता आतून म्हणाली. "मैत्रिणींना घेऊन बोरिवलीला गेली. मेघनाने चावी दिलीय. तुमच्या सगळ्यांचा मुक्काम इथे, त्यामुळे कोर्ट दिवसभर रिकामं मिळतं ना!"

आता दर रविवारी सकाळी मी खळ्यात असतो. समोर साडू चहा पितो आणि माझ्या टकलाची चेष्टा करतो. खेळ मात्र मी सोडलेला नाही. रॅकेट हातातच असते. पापडांवर कावळे फार येतात.