गाठ मारलेलं लाइफ जॅकेट

मंडळी, आम्ही टार्निटला घरी आत्ताच परतलोय. आल्या आल्या लिहितेय.

आज आम्ही दोन कुटुंबं कॅम्परडाउनजवळ, ज्वालामुखीच्या विवरात साठलेल्या तळ्यावर कयाकिंगला गेलो होतो. तिथला गाइड प्रत्येक प्रश्नाला "नो वरीज" म्हणायचा, आणि तिथेच तो मला खटकला. वाऱ्याबद्दल विचारलं तर त्याने तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या लेकीच्या, अन्वीच्या लाइफ जॅकेटचं बकल लागेना. तो म्हणाला, "गाठ मार, चालेल."

मी अन्वीला सरळ कयाकमधून उतरवलं. "मम, यू आर सो एम्बॅरसिंग!" ती चिडली. माझ्या मैत्रिणीचा, प्रियाचा नवरा समीर हसला, "अगं, या देशात सगळं नियमाने चालतं. किती संशय घेशील?"

प्रिया आणि समीर कयाक घेऊन तळ्यात गेले. थोड्याच वेळात विवराच्या कडेवरून जोराचा वारा उतरला आणि त्यांची कयाक उलटली. प्रियाचं जॅकेट डोक्यावरून निघून गेलं. समीरने तिला कसंबसं धरून ठेवलं. गाइड काठावरून नुसता हाका मारत होता. शेवटी मासे पकडणाऱ्या एका आजोबांनी दोघांना बोटीत ओढून घेतलं.

प्रिया आता ठीक आहे. सगळे मला म्हणताहेत, "तुझा संशय खरा ठरला."

पण प्रियाच्या जॅकेटलाही गाठच होती. ते दोघं निघण्याआधीच ती मी पाहिली होती, आणि समीर हसला म्हणून गप्प बसले. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?