लिनक्ससोबत गेलेला चेहरा

वडीगोद्रीला रस्त्यालगत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, आणि मेहुण्यानं हौसेनं त्याच्या शेजारी लिनक्सही बसवलं होतं. फोटोंची साफसफाई तो त्यातच करायचा. पुढं नोकरी लागून तो पुण्याला गेला आणि लिनक्स माझ्या उरावर ठेवून गेला. रोज सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर विचारणा: विंडोज की लिनक्स? उत्तर द्यायला जरा उशीर झाला की गडी थेट लिनक्समध्ये. माझ्याच दुकानात रोज मलाच विचारणार, कुठं जायचंय म्हणून! डोकं फिरायचं.

तेवढ्यात आमच्या साहेबांचा वाढदिवस आला. साहेब म्हणजे आमच्या गटातले भावी जिल्हा परिषद सदस्य. ते भावी झाले तेव्हा त्यांचे केस काळे होते, आणि फ्लेक्सवर ते अजूनही काळेच होते. ही मेहुण्याची करामत. त्यानं एक फोटो असा घासूनपुसून दिला होता की साहेबांना दुसरा चालतच नसे. मूळ फोटो त्यांनी समोर बसून डिलीट करायला लावला. साफ केलेलाही कुणाला पाठवायचा नाही, विरोधकांच्या हाती लागेल, अशी ताकीद. यंदा पक्षाला तरुण उमेदवार हवा होता. वाढदिवसाला पक्षाची माणसं येणार होती, म्हणजे तिकिटाचा सगळा भार त्या एका फोटोवर.

कामाच्या गर्दीत तो काळा पडदा नको म्हणून मी विंडोजमध्ये बसून हार्ड डिस्कवरचा लिनक्सचा कप्पा उडवला आणि मोकळी झालेली जागा विंडोजला जोडून टाकली. फार बरं वाटलं. मशीन बंद करून परत चालू केलं, तर ना विंडोज ना लिनक्स. काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'ग्रब रेस्क्यू' एवढंच. मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, आधी तो रोज विचारणारा बूटलोडर काढायचा, मंग कप्पा," तो म्हणाला. "तुम्ही घर पाडलं अन् राखणदार दारातच ठेवला. तो आता घर हुडकून राह्यला."

त्याच्या सांगण्यावरून विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, दुरुस्तीत जाऊन तो सांगेल ते अक्षर न् अक्षर टाईप केलं. राखणदार गेला, विंडोज सरळ उघडलं. मी शेजारच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मग साहेबांचा फोटो शोधायला बसलो, आणि तो कुठल्या कप्प्यात होता ते आठवलं.

मोबाईलमधल्या जुन्या डिझाईनवरून उचलून पाहिला, तर मोठा करताच तोंडाचे चौकोन झाले. जुने फ्लेक्स लोकांच्या गोठ्यांवर. तिथं उन्हानं साहेब पांढरेफटक पडलेले. शेवटी मशीनमधून लिनक्स काढताना फोटोही गेल्याचं सांगून साहेबांना दुकानात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि मोबाईलवर ताजा फोटो काढला. साफसफाई मला येत नाही. जसा होता तसा लावला.

"बराबर आलाय ना?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल," मी म्हणालो. काय म्हणणार?

संध्याकाळी पक्षाची माणसं गाडीतून उतरली. पुढचे पाहुणे फ्लेक्सकडं पाहून थांबले, चपला काढल्या आणि हात जोडले. म्हणाले, "साहेब, वडील गेल्याचं आम्हाला कळवलं न्हाई तुम्ही."

साहेब फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. एवढा मोठा आणि एवढा खरा आपला चेहरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मला त्यांची मनापासून दया आली. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते काय काढलं तू मशीनमधून, ते परत बसव. जल्दी बसव."