झोपेची राखण

ज्या दुपारी सुमन गेली, त्या दुपारी मी तिच्या शेजारीच झोपलो होतो. दीड महिना झाला, पण हे अजून कोणापाशी बोललेलो नाही. लोकांना एवढंच सांगतो की मी घरीच होतो. जेवणं झाली, कूलर लावला, ती म्हणाली जरा पाठ टेकते. मला जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. इतका वेळ आपल्याला हलवलं कसं नाही, म्हणून मी आधी चिडलोच... मग तिच्या हाताला हात लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं. आमच्या घरात हृदयाचं दुखणं म्हणजे ते माझंच, असं अकरा वर्षं ठरून गेलेलं होतं. बायकोलाही हृदय असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. घोरणं आमच्या घराण्यातलंच. वडील, काका, सगळे घोरायचे आणि त्यांना कोणी उठवायचं नाही, कारण घोरणारा माणूस म्हणजे सुखी माणूस, असा आमच्याकडचा समज. लग्नानंतर कित्येक वर्षं सुमनही तसंच समजायची. पण मी दिवसा पेंगायचो. एकदा टाक हातात असताना डोळा लागला आणि एका गावाची शीव मी थेट शेजारच्या गावच्या विहिरीत नेऊन सोडली. साहेब आधी हसले, मग त्यांनी मेमो दिला. ओळखीच्या एका डॉक्टरांना वाटलं, माझी रात्रीची झोप पुरत नाही. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मी त्या मनोभावे घेतल्या.

त्या उन्हाळ्यात घरमालकापासून आम्ही सगळे बिऱ्हाडकरू गच्चीवर झोपत होतो. एका रात्री माझं घोरणं मध्येच थांबलं आणि त्यानंच सुमनला जाग आली. माझा चेहरा काळानिळा पडलेला, श्वास नाही. तिनं गदागदा हलवलं तेव्हा मी घुसमटून उठलो आणि तिच्यावरच खेकसलो. शेजारच्या काकू अंथरुणातूनच म्हणाल्या, "झोपू दे न वं त्याले, काहून छळून राहिली?"

सुमननं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मला जवळजवळ ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे दोन रात्री ठेवून घेतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत माझा श्वास अडकतो, त्याबरोबर नाडी मंदावत चाळिसाच्याही खाली जाते, आणि हृदयाची लय तर बिघडलेलीच आहे, ठोके वाटेल तसे पडतात. खात्रीचा उपाय त्यांच्यापाशी नव्हता. वजन उतरवा, कुशीवर झोपा, झोपेच्या गोळ्या फेकून द्या, आणि रात्री कोणीतरी जवळ असू द्या, असं म्हणाले. हृदयासाठी एक गोळी दिली. सकाळी नाडी साठच्या खाली असली तर ती घ्यायची नाही. रात्रीचं ते कोणीतरी म्हणजे कोण, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नाही.

तिचं माहेर नरखेड तालुक्यातलं, संत्र्यांच्या बागा असलेलं. तिथे महालक्ष्म्या बसायच्या, तीन दिवसांचा सण. सुमन फक्त जेवणाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं वापस. अकरा वर्षांत एकही मुक्काम नाही. बागेच्या राखणदारालाही सुट्टी असते, असं तिचा भाऊ चेष्टेनं म्हणायचा. ती हसायची. मी मात्र तिच्यावर उखडलेलाच असायचो. मला कुठे दौऱ्यावर जाता येईना, मित्राकडे राहता येईना. रोज सकाळी, पाहुणे असले तरी, ती माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसायची. एकदा मी हात हिसडून घेतला आणि विचारलं, मी काय कैदी आहे का तुझा? ती आवाज न चढवता म्हणाली, "मंग मी कोण आहो?" दुसऱ्या दिवशी मी मुकाट हात पुढे केला.

मग तिची आई आजारी पडली. म्हातारीनं निरोप धाडला, एक रात्र माझ्याजवळ राहून जा. निघताना सुमननं दारात थांबून विचारलं, "आजची रात राहू का मायजवळ? तुमाले झोप लागन?" मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, राहा की, मी बसेन जागा खुर्चीत. रात्री शेवटच्या गाडीनं ती परत आली. दुसऱ्या दिवशी तार आली, म्हातारी पहाटेच गेली होती. सुमन मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं... राहा म्हणालो होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलंय. पण ते कसं म्हणालो, ते तिला कळलं होतं आणि मलाही.

सुमनच्या तेरवीनंतर आमची एकुलती मुलगी वंदना मागे राहिली. तिचं सासर काटोलला, मुलगा लहान, तो सासूजवळ ठेवलेला. तिनं माझ्या खाटेलगत अंथरूण घातलं. सकाळी माझं मनगट धरलं, बोटं नेमकी सुमन ठेवायची तिथेच. म्हणाली, आईनं शिकवून ठेवलं होतं मले. महिनाभर हे चाललं. परवा पोळ्या लाटता लाटता तिला डुलकी लागली आणि तव्यावरची पोळी कोळसा झाली. मी म्हणालो, "उद्या तू घरी जा."

"अन् तुमच्याजवळ कोण?"

"कोणी नाही. तू जा." या वेळी मी तिच्याकडे बघून म्हणालो. सकाळी स्वतः एसटीत बसवून आलो. ती खिडकीतून रडत होती. मलाही रडू आलं, पण गाडी सुटेपर्यंत आवरलं.

त्या रात्री झोपायची भीती वाटली, हे कबूल करतो. माझी खाट सोडून भिंतीलगतच्या सुमनच्या खाटेवर जाऊन बसलो. भिंतीला पाठ टेकायला गेलो तर चुन्यावर तेलाचा काळपट डाग दिसला, तिच्या केसांच्या तेलाचा. उशीपासून चांगला हात-सव्वा हात वर. झोपलेल्या माणसाचं डोकं तिथे पोचत नाही... रोज सकाळी मी तिला विचारायचो, झोप झाली का. ती म्हणायची, झाली न. आणि मी चहा प्यायला लागायचो.