श्यामकांत खांबेटे यांचं अर्ध्या दिवसाचं मौन

"बाबा, डबा बंद कर."

"का? डबा उघडायला बंदी आहे का इथे?"

"आजूबाजूला बघ जरा. इतक्या टेबलांवर एकानं तरी घरचं खाणं काढलंय?"

"त्यांना नियम माहीत नसेल. मला आहे. पेय त्यांचं घ्यायचं, खाणं आपलं आणायचं. गेनाऊ, अगदी असाच नियम आहे."

"ती बाई इकडेच येतेय."

"येऊ दे की. तिलाही सांगतो."

"बाबा! सकाळी काय ठरलंय आपलं?"

श्यामकांत खांबेट्यांनी कोथिंबीर वडीचा तुकडा तोंडात टाकला. भरलेल्या तोंडाला उत्तर द्यावं लागत नाही. जर्मनीतल्या फाल्त्स भागात, एका वाइनवाल्यांच्या अंगणात, अंजिराच्या झाडाखाली, बॉनच्या मराठी मंडळाचे चौदा सायकलस्वार दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोथिंबीर वड्या मांडून बसले होते. मधोमध थंडगार रीसलिंग वाइनचे चार प्याले होते, तेही मंडळानं परवानगीपुरते घेतलेले.

खरं तर ही सहल इटलीतल्या टस्कनीला जायची होती. फेब्रुवारीत मंडळाच्या ग्रुपवर जाहिरातसुद्धा पडली: 'भूमध्यसागरी द्राक्षप्रदेश, चढउतार, ऐतिहासिक गावं.' मग कोणाचे सासूसासरे यायचे निघाले, कोणाच्या मुलाची किटा, म्हणजे पाळणाघर, बंद राहायचं ठरलं, कोणी विमानात सायकल पॅक करायचा व्हिडिओ बघून घाबरलं. सहाव्या मीटिंगला कोणीतरी पर्यटन खात्याचं पत्रक काढलं. त्यावर फाल्त्सला 'जर्मनीची टस्कनी' म्हटलं होतं. झालं. जाहिरातीतला एक शब्दही बदलावा लागला नाही. अंजीर होते, बदाम होते, टेकडीवर पडका किल्ला होता, आणि चढ तर असे होते की टस्कनीवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

सहलीचे प्रमुख अर्थातच खांबेटे, गळ्यात शिट्टी अडकवलेले. चिंचवडहून निघालेला हा माणूस आधी बायर्नमधल्या, म्हणजे बव्हेरियातल्या, हेर्त्सोगेनआउराखला दहा वर्षं यंत्रं जुळवत होता, मग बॉनला येऊन आणखी बारा वर्षं लोक जुळवत होता. बावीस वर्षांत त्यांनी जर्मन भाषा घेतली, जर्मन नागरिकत्व घेतलं, आणि जर्मन माणसांनी वापरून जुने झाले म्हणून टाकून दिलेले सगळे नियम घेतले. रविवारी आवाज करायचा नाही या नियमापायी, काचेच्या बाटल्या टाकायला निघालेल्या शेजाऱ्याला त्यांनी जिन्यात गाठलं होतं. लाल दिव्यावर रस्ता ओलांडणाऱ्या एका आजीबाईंना 'मुलं बघतायत' असं सुनावलं होतं. आसपास एकही मूल नव्हतं. पण ते असू शकलं असतं.

या सगळ्याची साक्षीदार त्यांची मुलगी उर्जा. पाच वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या सायकलमागे आहे. आधी खुर्चीत, मग त्यांच्या सायकलला दांडीनं जोडलेल्या छोट्या सायकलवर, मग स्वतःच्या सायकलवर. आता ती अठरा वर्षांची आहे आणि ऑक्टोबरात हांबुर्गला शिकायला जाणार आहे. ती बोलते जर्मनमध्ये. तिच्या बापाला ते मराठीतच ऐकू येतं. जानेवारीपासून खांबेटे तिच्या मागे लागले होते: ऑगस्टमध्ये दोघंच जाऊ, मोझेल नदीच्या काठानं, पाच दिवस. मंडळ नाही, शिट्टी नाही, बाप आणि लेक. ती 'बघू' म्हणायची. आणि आज सकाळी पेन्शनमधल्या, म्हणजे मुक्कामाच्या घरगुती लॉजमधल्या, नाश्त्याला, पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली होती,

"येते मी. एका अटीवर. आजचा एक दिवस तू कोणाला काहीही शिकवायचं नाहीस. संध्याकाळपर्यंत. कोणालाच."

"एवढंच?" खांबेटे म्हणाले होते. "हे काय, चुटकीसरशी!"

चुटकी फार लांबली. पहिल्याच गावात एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन लाल दिव्यात आरामात पलीकडे गेले. खांबेट्यांना ठसका लागला, पण ते बोलले नाहीत. पुढे मंडळातला नवा पोरगा शिरीष इतक्या बुटक्या सीटवर सायकल हाणत होता की गुडघे कानाला लागत होते. खांबेट्यांनी सुकं जर्दाळू तोंडात टाकलं आणि द्राक्षांच्या ओळींकडे नजर वळवली. एका गावात लाकडी चौकटींचं जुनं घर दाखवणारी गाईड 'सोळाशे सालच्या आसपास' म्हणाली. दारावरच्या पाटीवर १५९२ कोरलेलं होतं. आठ वर्षं! खांबेट्यांनी दुसरं जर्दाळू टाकलं. किल्ल्याच्या चढावर तर त्यांच्या पत्नी वसुधाताई विजेच्या सायकलवरून घंटी वाजवत त्यांना मागे टाकून गेल्या, आणि 'मोटरवर चढणं म्हणजे चढणं नव्हे' हे त्यांचं ठरलेलं भाषण घशातल्या घशात विरघळलं.

वरती पोचल्यावर वसुधाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अहो, बरं वाटत नाहीये का? दोन तास झाले, आवाज नाही तुमचा."

"ठणठणीत आहे मी."

"मग? शिरीषला सीटवरून बोलला नाहीत. मला घंटीवरून बोलला नाहीत. मीठसाखरेचं पाणी करू का?"

शिरीषनं तर हळूच विचारलं, "काका रागावलेत का आमच्यावर?" मंडळ हवालदिल झालं. फक्त उर्जा गालातल्या गालात हसत होती. उतारावर तिनं सायकल त्यांच्या शेजारी आणली आणि म्हणाली, "मोझेल ट्रीअरपासून सुरू करू या का, की उलटं, कोब्लेंझहून?" खांबेट्यांना त्या क्षणी शिट्टी फुंकावीशी वाटली. आनंदानं. पण फुंकली असती तर सगळं मंडळ थांबलं असतं.

आणि आता साडेबारा वाजता, अंजिराच्या झाडाखाली, ही बाई समोर येऊन उभी होती. फ्राऊ हेल्विग, इथल्या मालकीणबाई. एप्रन, पांढरे आखूड केस, हातात रिकामा ट्रे.

"गुटन टाग. हे सगळं तुम्ही बरोबर आणलंय?"

"हो हो! घ्या ना, ही वडी घ्या."

"आभारी आहे, नको. पण आमचं स्वयंपाकघर चालू आहे. इथे घरचं खाता येत नाही."

उर्जानं टेबलाखालून बापाच्या पायावर पाय ठेवला. खांबेट्यांनी तो पाय हळूच बाजूला केला.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, आणि सकाळपासून कोंडलेलं सगळं त्या एका शब्दामागे दाराशी येऊन उभं राहिलं. "माफ करा, पण तुमची समजूत चुकीची आहे. झाडाखालची बाकं. बरोबर? पेय तुमच्याकडून घेतलंय. बरोबर? आणि टेबलावर कापड नाही. जिथे कापड अंथरलेलं असतं तिथे वाढपी येतो, तिथे घरचं चालत नाही. जिथे कापड नसतं तिथे गिऱ्हाईक स्वतःचं खाणं खाऊ शकतं. जुनी प्रथा आहे. तुम्हाला माहीत असायला हवी."

फ्राऊ हेल्विगनी टेबलाकडे पाहिलं.

"कापडं धुवायला टाकलीत," त्या म्हणाल्या. "काल इथे लग्न होतं."

"तो वेगळा मुद्दा झाला..."

"आणि तुम्ही जे सांगताय ते बायर्नमध्ये. बियरगार्टनमध्ये. हे फाल्त्स आहे हो. इथे बियरसुद्धा मिळत नाही."

शेजारच्या टेबलावरचं जर्मन कुटुंब जेवायचं थांबलं. शिरीषनं तोंडातली दशमी न चावता गिळली.

हेर्त्सोगेनआउराखची दहा वर्षं खांबेट्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. तिथल्या चेस्टनटच्या झाडाखाली पहिल्याच उन्हाळ्यात एका सहकाऱ्यानं हा नियम सांगितला होता, तेव्हा त्यांना हा देश आपला वाटला होता. जो देश तुमचा डबा चालवून घेतो! तो नियम त्यांनी पुढे बावीस वर्षं सगळ्या देशभर उघडला होता. कोणी हटकलं नव्हतं, कारण बहुतेक वेळा ते पार्किंगमध्ये बसून जेवले होते.

"तत्त्व तरी तेच आहे," ते म्हणाले.

"झाकणं लावा रे सगळ्यांनी," वसुधाताई उठल्या. त्यांचं जर्मन अजून संध्याकाळच्या वर्गातलं होतं, क्रियापदं वाटेत सांडणारं. पण त्या फ्राऊ हेल्विगच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "एंटशुल्डिगुंग, चुकलं. आम्ही नाही माहीत. मेन्यू, प्लीज, बिट्टे." फ्राऊ हेल्विग हसल्या, त्यांनी आतून मेन्यू आणून दिले आणि परत गल्ल्याकडे गेल्या. सगळं मिळून तेवढंच.

"बघितलंस?" उर्जा हलक्या आवाजात म्हणाली. "आईला जमलं. तूही जा आणि म्हण. एकच शब्द. मी आत्ताचं मोजणार नाही. खरंच."

"खरंच?"

"मोझेल. पाच दिवस. जा."

खांबेटे उठले. गल्ल्यापर्यंत वीस पावलं होती. ती चालताना त्यांनी शब्द तीनदा घोळवला. एंटशुल्डिगुंग. परवाच ट्राममध्ये एका कुत्र्याच्या शेपटीला बूट लागला तर ते कुत्र्याला म्हणाले होते. त्यात काय!

"फ्राऊ हेल्विग," ते म्हणाले, "सर्वप्रथम हे लक्षात घ्या की आज सकाळपासून मी कोणालाही काहीही शिकवलेलं नाही."

"बरं."

"तेव्हा हा जो काही गैरसमज झाला, तो..." इथे शब्द यायचा होता. तो जिभेच्या टोकावर येऊन बसला, आणि त्याच्या शेजारी दुसरा, जास्त उपयोगाचा विचार येऊन बसला. "...तो टाळता आला असता. दारावर एक पाटी हवी. आकार ए-फोर, पावसात टिकणारी. आणि ती डाव्या बाजूला, कारण सायकलवाले डावीकडून उतरतात. मजकूर मी पाठवतो. आत्ता लिहून घेता का?"

मागे तीन माणसं बिल द्यायला खोळंबली होती. फ्राऊ हेल्विगनी त्यांच्या हातात दुकानाचं कार्ड ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

खांबेटे कार्ड उंच धरून परतले. "झालं! कार्ड दिलं तिनं."

"म्हणालास?" उर्जानं विचारलं.

"आशय पोचला."

"शब्द म्हणालास का, बाबा?"

"अगं, शब्दापेक्षा पुढच्या माणसाला उपयोग होईल असं काहीतरी..."

उर्जा उठली. तिनं प्याला सरळ ठेवला, खुर्ची आत सारली आणि भिंतीला टेकलेल्या सायकलींकडे निघाली. टेबलावरची बाकीची बारा माणसं एकदम मेन्यू वाचू लागली, ज्यांना जर्मन येत नव्हतं तीसुद्धा.

"अहो, जा," वसुधाताई म्हणाल्या. "आणि बोलू नका. म्हणजे, बोला. तेवढंच बोला."

खांबेटे धावले. या वयात सायकलच्या चड्डीत जितकं धावता येतं तितकं. उर्जा हेल्मेट घालत होती. ती मान वर करत नव्हती.

"उर्जा."

ती पट्टा लावत राहिली.

"बाळा, चुकलं माझं."

मराठीत, साध्या तीन शब्दांत. स्वतः खांबेटेच दचकले. त्यांनी मागेपुढे काही लावलं नव्हतं, पोटनियम नव्हता, अपवाद नव्हता. उर्जानं मान वर केली. तिचा हात हनुवटीखाली पट्ट्यावर थांबला, आणि ओठ किंचित हलले. ती काहीतरी बोलणार होती. खांबेट्यांना ते अगदी स्वच्छ दिसलं. त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं भरून आलं, की त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"तो पट्टा मात्र फार सैल आहे. दोन बोटं जातील एवढाच हवा. थांब, मी दाखवतो..."

उर्जानं सायकल भिंतीपासून सोडवली, हातानं ढकलत फाटकाबाहेर नेली, आणि द्राक्षमळ्यांमधल्या उताराला लागली.