मथुरामावशीचा टीव्ही

मथुरामावशी टीव्ही बघायची नाही, सांगायची. माझ्या खुर्चीच्या उजव्या अंगाला जमिनीवर पाय लांब करून बसायची आणि पडद्यावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली, की माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. "थांब. आता ते डोळ्यानं बोलून राहिली." मग ती बाई डोळ्यांनी काय बोलली, कोणाकडे बघून बोलली, आणि ज्याला बोलली त्या बेकूफाला ते कळलं की नाही, हे सगळं मला सविस्तर कळायचं.

मी सातवीत असताना माझे डोळे गेले. रंग आठवतात, अक्षरं आठवतात, मोहाडीच्या तलावावर उतरणारे बगळे आठवतात. त्यामुळे "हिरवं लुगडं" म्हटलं की मला हिरवं दिसतं. हे मावशीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती नुसतं हिरवं कधी म्हणायची नाही. "परह्यावानी हिरवं" म्हणायची, म्हणजे रोवणीच्या आधीच्या धानाच्या रोपांसारखं. ती आमची शेजारीण, माझ्या आईची वयानं बरीच लहान मैत्रीण. आई गेली आणि घरात मी एकटा उरलो, तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी कुंपणाचं फाटक ढकलून यायची. पदरात उकडलेले शिंगाडे असले तर ते सोलून एकेक माझ्या हातावर ठेवायची.

तिचं सांगणं पक्षपाती असायचं. नावं तिच्या लक्षात राहत नसत. माणसं ती त्यांच्या वागण्यावरून ओळखायची. "हा उपाशी हाय," "हा सासऱ्याच्या जिवावर खाऊन राहिला," अशी तिची ओळखपाळख. मालिकेतली सून स्वयंपाक करायला लागली की मावशी खवळायची. "चमचा फिरवून राहिली बापा, गंजात काहीच नाही! असा सैपाक तं मीबी करीन." बातम्यांत अपघात आला की मात्र तिचं तोंड बंद. "काय दिसतं मावशी?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही, नुसती गर्दी हाय." तिनं मला कधी एक प्रेत दाखवलं नाही.

हे सगळं लिहिताना गोड वाटतंय, पण तेव्हा मला त्याचा जाच व्हायचा, तेही सांगायला हवं. मी भंडाऱ्याच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, बसनं एकटा जाऊन-येऊन. निवृत्तीनंतर संगणक शिकलो. पडद्यावरचं वाचून दाखवणारा बोलका प्रोग्राम त्यात आहे, त्याच्या भरवशावर पत्रं, बँकेची कामं सगळं मी स्वतः करतो. पण घरातला टीव्ही मुका. सेटटॉप बॉक्सच्या रिमोटचं एक बटण चुकलं की पडद्यावर कसलीशी यादी यायची आणि मी अडकायचो. मग अंगणात उभं राहून हाक मारायची, "मावशी, वो मावशी!" ती कणकेच्या हातानं धावत यायची. एकदा रोवणीच्या दिवसांत ती शेतावर होती, तेव्हा मी अख्खी दुपार गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ऐकत बसलो होतो.

आमच्या अंध मित्रांच्या गटात एकानं सांगितलं, की छतावरच्या डिशच्या छत्रीची वायर थेट संगणकाला जोडता येते, मधे एक छोटी डबी लागते, तिला ट्यूनर म्हणतात. वाहिन्या संगणकावर आल्या की त्यांची यादी आपला बोलका प्रोग्राम वाचून दाखवतो. मी लगेच मागवली. जोडणी हातानं चाचपून केली, प्रोग्रामही टाकला, आणि पडद्यावरच्या शेवटच्या खिडकीत येऊन माझं घोडं अडलं. तिथली बटणं बनवणाऱ्यानं त्यांना नावंच दिली नव्हती. संगणक नुसता म्हणे, "बटण. बटण. बटण." अंदाजानं दाबलं की सगळं बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अनेक दिवस झगडलो. शेवटी नाइलाजानं अंगणात गेलो आणि हाक मारली.

"इंग्रजी अक्षरं येतात का तुले?"

"मले मराठी येते, चवथीपावतर. इंग्रजी तं मी खताच्या चुंगडीवरच पायलं."

"मंग जसं दिसते तसं सांग."

ती पडद्याजवळ सरकली. एरवी ज्या आवाजात डोळ्यांचं बोलणं सांगायची, त्याच आवाजात सुरू झाली. "पह्यलं सापाचं येटोळं हाय. मंग फुटकी बांगडी. मंग घराचं छप्पर, अना मधात आडवी बल्ली. मंग दोन खांब, याच्या शेंड्यापासून त्याच्या बुडाशी तिरपी काडी."

"स्कॅन!" मी खुर्चीतून उठलोच. पन्नासेक वर्षं न पाहिलेली अक्षरं तिनं माझ्यासमोर उभी केली होती. मग मी कळफलकावरून एकेक बटण पुढे सरकायला लागलो, तशी निवडलेल्या बटणाभोवतीची चौकट पडद्यावर सरकायची, आणि मावशी सांगायला लागली, "चौकट अजून दूर हाय... अजून... हां, बसली." मी एंटर दाबलं. "हिरवी पट्टी भरून राहिली," ती म्हणाली, "धानाच्या बांधीत पाणी चढते तशी." पट्टी भरली आणि संगणकानं बाईच्या आवाजात एकामागून एक वाहिन्यांची नावं वाचायला सुरुवात केली. मी लहान पोरासारखा खाली-वर बटणं दाबत सुटलो. बातम्या, भजन, मालिका, सगळं माझ्या बोटाखाली.

"हे बाई कोन बोलते?" मावशीनं विचारलं.

"संगणकच बोलते."

"अना रोज सांगन तुले?"

"रोज. मावशी, आता तुले रोज रोज यायचा तरास नाही!"

मी हे आनंदानं म्हणालो. तिच्यावरचं ओझं उतरवल्याच्या ऐटीत म्हणालो. ती जरा वेळ त्या बाईचा आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं बापा. साफ बोलते." शिंगाड्यांची पुरचुंडी टेबलावर ठेवून ती गेली. त्या दिवशी शिंगाडे मी सोलले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. कळलं होतं. पण गुडघ्यावर थाप पडल्याशिवाय, कोणाला न विचारता, मनात येईल तेव्हा वाहिनी बदलण्याची मला चटक लागली होती. तिच्या मालिकेचं गाणं वाजलं की कुंपणापलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. तो खोकला मला हाकेसारखा वाटायला लागला, तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली.

एकदा बाजारात तिचा आवाज आला. मी थांबून विचारलं, "काहून वो मावशी, येत नाही?"

"धानाची कापनी हाय नं बापा."

कापणी केव्हाच आटोपली होती. रस्त्यावरून धानाच्या गाड्या गेलेल्या मी स्वतः ऐकल्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं, की काम नसलं तरी ये, नुसती बसायला ये. मी "बरं" म्हणालो आणि काठी टेकत पुढे निघालो. उशीर झाल्यावर माणसाला लाज वाटते, आणि लाजेपायी तो आणखी उशीर करतो. माझं तसं झालं.

उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. तेरवीच्या जेवणाला तिची सून माझ्या पत्रावळीत वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, आत्याबाई रोज सांजच्याला लुगडं बदलून कुंपनापाशी बसे. मी म्हणो, जा नं मनोहरभाऊकडं. तं म्हणे, त्याच्याकडं आता सांगनारी हाय. बिनकामाचं कशी जाऊ?"

मी ट्यूनर घेतला यात काही वाईट केलं, असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्याला विचारल्याशिवाय टीव्ही लावता यावा, एवढं मागणं काही मोठं नव्हतं. पण मला आंधळ्याला जी गोष्ट नको होती, कोणाच्या दारात उपकारासारखं उभं राहणं, तीच मी तिच्या वाट्याला दिली. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळायला हवं होतं?

परवा तिची मालिका लावली. खिडकी आता उघडीच असते. आई आणि मुलीचं भांडण चाललं होतं, आणि एकाएकी दोघी गप्प झाल्या. नुसती बासरी वाजत राहिली. मी बटण दाबलं. संगणकातल्या बाईनं वाहिनीचं नाव सांगितलं, अगदी साफ. मी पुन्हा दाबलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. बासरी संपली, जाहिराती लागल्या, आणि त्या दोघी डोळ्यांनी काय बोलल्या ते मला कळलं नाही.