शाळेतला आमचा शेअर: घाटंजी ते यवतमाळ, एका दिवसाची वारी

आमच्याकडच्या बायका देवाला जातात, लग्नाला जातात. मी यवतमाळला गेले ती मुख्याध्यापकांच्या संघटनेची भाषणं ऐकायला.

त्याचं असं झालं. आमच्या गावाला लागून तांडा आहे. दोन्हींत मिळून शाळा एकच, ती तांड्यावर. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मुलं कमी झाली, म्हणून ती नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिसळायची बोलणी सुरू आहेत. पावसाळ्यात तो नाला दोन-दोन दिवस उतरत नाही. मुलगे कसेबसे जातील, मुली घरी बसतील. तांड्यातल्या रेणुकाची मुलगी तिथे दुसरीत आहे, आणि शाळा समितीची अध्यक्षही रेणुकाच. संघटनेनं समितीवाल्यांसाठी कार्यशाळा ठेवल्याचा निरोप गुरुजींनी दिला, तशी ती माझ्याकडे आली.

"काकू, तुमी वाचत राह्यता. तिथं ते बोलतीन ते मले उकलून सांगा."

मी स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली. पुढचं वाचन आमच्या किराणा दुकानातल्या रद्दीवर झालं. पुडी बांधायच्या आधी कागद वाचायचा, हे ह्यांनीच लावलेलं वळण. हे गेल्यापासून मी घाटंजीच्या पुढे गेले नव्हते. तरी हो म्हणाले.

घाटंजीपर्यंत ऑटो, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळच्या गाडीत जागा मिळते, फक्त आठवडी बाजाराचा दिवस टाळा. रस्त्याला दुतर्फा साग आहे. थंडी सरताना त्याची पानं गळतात आणि जंगल आरपार दिसतं. एक चूक मात्र झाली. हे गाडीत चढायच्या आधी सूर्य कुठे आहे ते बघून बाजू ठरवायचे. मी दिसेल त्या खिडकीत बसले आणि यवतमाळ येईपर्यंत उजवा कान भाजत राहिला.

स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. रेणुका म्हणाली, तिखट तांड्यावरच्यापेक्षा कमीच आहे. तिथून सभागृहापर्यंत ऑटो मिळतो, भाडं बसायच्या आधीच ठरवा.

पहिलं भाषण नव्या शैक्षणिक धोरणावर होतं. बोलणारे सर तरुण आणि मनापासून सांगणारे, पण शब्द जड. मी हळू आवाजात अर्थ सांगत होते. मग ते म्हणाले, पालक हे शाळेचे भागधारक आहेत. रेणुकानं मला कोपरानं ढोसलं.

"आपन शेअर कवा घेतले?"

ज्यांचा शाळेशी संबंध येतो ते सगळे, असं मी समजावलं. तिनं मान हलवली. पटलं असावं, असं मला वाटलं. पण प्रश्न विचारायची वेळ आली आणि ही उभी.

"सर, माह्या सासऱ्याचा जिनिंग सोसायटीत एक शेअर हाये. एकच. तरी सभेचं बोलावनं येते, हात वर करा म्हनते. तुमी आमाले भागधारक म्हनता. मंग शाळा हलवाची गोष्ट निघाली तवा सभा काहून नाही लावली?"

सभागृह हसलं. मीही हसले. संघटनेच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका मंचावर होत्या. त्यांनी माईक ओढून घेतला.

"तुमच्या समितीचं अध्यक्ष कोण?"

"मीच हावो."

"मग सभा तुम्हीच लावायची, बाई. कोणाची वाट बघताय?"

रेणुका खाली बसली. पुढे त्या बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं: सभेत ठराव करा, नाल्याची अडचण लिहून द्या, केंद्रप्रमुखांना बोलवा आणि त्यांना त्या वाटेनं चालवा. नेतृत्वावर दुपारी वेगळं भाषण झालं, पण माझ्या डोक्यात सकाळचंच राहिलं.

जेवणात वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी होती. ते तरुण सर ताट घेऊन आमच्याजवळ येऊन बसले. तुमचा शेअर मी पुढच्या भाषणात वापरणार, म्हणाले. "वापरा, पन फुकट नाही," रेणुका म्हणाली, आणि आपल्या ताटातली बुंदी संपवून त्यांच्या ताटातल्या बुंदीकडे बघू लागली. त्यांनी ती देऊन टाकली.

परतीच्या गाडीत चढण्याआधी मी थांबून सूर्य बघितला आणि दाराच्या बाजूला जागा धरली. घाटंजीपर्यंत सावली. हे ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता. रेणुकानं तिकिटं घडी करून ठेवली. मग म्हणाली, "काकू, एवढे दिवस मी गुरुजी सभा लावतीन म्हनून बसली होती."

सभा तिनं त्याच आठवड्यात लावली, शाळेच्या ओट्यावर. केंद्रप्रमुख आले. तिनं त्यांना आधी नाल्यावर नेलं. त्यांनी बूट हातात घेऊन नाला ओलांडला आणि तसेच परत आले. ठराव आणि स्वतःचं मत वर पाठवतो, म्हणाले. निर्णय अजून यायचा आहे.

ठरावाला हात वर झाले तेव्हा मी बाजूला बसले होते. माझं कोणी त्या शाळेत नाही, आणि मी तांड्यातलीही नाही. रेणुकानं हात मोजता मोजता माझ्याकडे पाहिलं.

"काकू, तुमचा हात?"

तांड्यातल्या पोरांची पहिली पाटी आमच्याच दुकानातून जायची. पेन्सिलीचा एक तुकडा हे वरून द्यायचे. मी हात वर केला. मोजणी झाल्यावरही तो तसाच राहिला. रेणुकालाच सांगावं लागलं, घ्या आता खाली.