चढ दिसेना

मी मुळात तापट, त्यात नीटनेटकेपणाचा किडा. ताई म्हणायची, "तुला मोकळं सोडलं तर भिंतींच्याही घड्या घालून ठेवशील." आम्ही दोघं भावंडं एकाच कारखान्यात. ती तपासणीच्या खोलीत जुन्या सॅम्पलिंग ऑसिलोस्कोपवर, मी शेजारी सामानाच्या खोलीत.

विजेच्या सिग्नलची आकृती पडद्यावर काढून दाखवणारा तो खोका म्हणजे जिवाला घोर. वेगवान सिग्नल त्याला एका दमात पकडता येत नाही. तोच सिग्नल पुन्हा पुन्हा पाठवायचा. यंत्र दर खेपेला एकच ठिपका टिपणार, मागच्यापेक्षा किंचित उशिराचा. असे हजारभर ठिपके जमले की पडद्यावर आकृती उभी राहते. वेळ कुठून मोजायची, ते ट्रिगर नावाचा इशारा सांगतो. हे सगळं ताईचं ज्ञान, मला आपलं ऐकून ऐकून पाठ.

गेल्या महिन्यात पडद्यावरून सिग्नलचा सुरुवातीचा चढच गायब झाला. नुसता वरचा सपाट भाग दिसायचा. ताईने तीन आठवडे झाकण उघडून डोकेफोड केली. डायोड बदलले, पायरीपायरीने वाढणारा व्होल्टेज तपासला. सगळं ठणठणीत! घरी येऊन नुसती बसून राहायची. जेवणावरची वासनाच उडाली होती.

"माझंच डोकं चालेनासं झालंय रे," म्हणायची. "तीस वर्षं केलं ते काम आता कळत नाही मला."

साहेबांना तेवढंच हवं होतं. "बाई, आता आराम करा," म्हणाले. सोमवारी तिने मुदतीआधीच्या निवृत्तीच्या अर्जावर सही केली.

मंगळवारी ती तपासणीच्या खोलीत पुढच्या माणसासाठी वहीत टिपणं काढत बसली होती आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती. "ट्रिगर मिळाल्यावर यंत्राला तयार व्हायला जरा वेळ लागतो. तोवर सिग्नलचा चढ निघून जाईल. म्हणून सिग्नलमधूनच ट्रिगर आधी काढून घ्यायचा, आणि सिग्नलला लांब केबलमधून फिरवून उशिरा आणायचं."

"कुठली लांब केबल?" मी विचारलं.

"ते मागचं काळं वेटोळं नाही का."

गेल्या महिन्यात तिच्या खोलीला रंग दिला तेव्हा ते वेटोळं मीच काढलं होतं! एवढी वायर कशाला लोंबतेय, म्हणून ते जिथे जोडलेलं होतं त्याच दोन तोंडांना वीतभर केबल जोडून दिली होती. तिने झाकणाच्या आत सगळं धुंडाळलं. खोक्याच्या मागे कुणी हात लावला असेल, हे तिला कसं सुचावं? वेटोळं माझ्याच कपाटात होतं, वर 'जादा' अशी चिठ्ठी लावलेली.

आणून जोडलं. चढ लख्ख दिसू लागला. ताई पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी धावत साहेबांकडे गेलो, सगळं कबूल केलं. पण एरवी महिना लावणाऱ्या आमच्या कचेरीने हा अर्ज एका दिवसात मंजूर केला होता. आता काही होणार नाही, म्हणाले.

परत येऊन तिला सांगितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"म्हणजे माझं डोकं ठीक होतं," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.